मासा पाण्यात, फोटो नंतर



एक साधा प्रश्न विचारते. फोटो काढायला किती वेळ लागतो? आपण म्हणतो, "एकच मिनिट हं." मग मोबाईल पर्समधून निघतो, कॅमेरा उघडतो, कुणी म्हणतं इथं उजेड नाही, तिकडे सरका, दुसरं कुणी म्हणतं माझ्याही मोबाईलवर एक घ्या. तेवढ्या वेळात ज्याचा फोटो काढायचा आहे त्याचं काय चाललेलं असतं? शाळेत हा प्रश्न फारसा पडत नाही, कारण मुलं निमूट उभी राहतात. हिमाचल प्रदेशातल्या तीर्थन नदीवर तो पडतोच. तिथं फोटोसाठी ज्याला धरून ठेवायचं तो मासा असतो आणि पाण्याबाहेर त्याला श्वास घेता येत नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पाच जण तिथं गेलो होतो. सगळे डीएडच्या एकाच बॅचचे. चौघं अजून वर्गावर आहोत, पाचवा नोकरी सोडून फोटोग्राफी करतो आणि मासे पकडण्याचं हे वेडही मूळ त्याचंच. चंदीगडपर्यंत रेल्वे, पुढे मनालीच्या रस्त्याने बस, औटच्या बोगद्यापाशी मुख्य रस्ता सोडायचा, मग बंजार आणि तिथून गुशैनी. नदी ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या डोंगरांतून खाली येते. हे उद्यान २०१४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पाणी इतकं गार की पाच मिनिटं पाय बुडवून उभं राहिलं तर बोटं आपली आहेत की नाहीत ते चाचपून बघावं लागतं.

आता फ्लाय फिशिंग म्हणजे काय ते सांगते, कारण आमच्या स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न तोच आला. आम्हा कोकणातल्या माणसांना गरवायला जाणं नवीन नाही. गरीला गांडूळ नाहीतर कोळंबी लावायची, वर शिसं बांधायचं, दोरी भिरकवायची आणि बसायचं. शिशाचं वजन दोरीला ओढून नेतं. इथं गरीवर खरं आमिष नसतंच. कोंबड्याचं पीस, मोराच्या पिसाचे तंतू, थोडा रंगीत दोरा असं काहीबाही गुंडाळून एक खोटी माशी तयार करतात. ती इतकी हलकी की नुसती फेकली तर पायाशीच पडेल. म्हणून वजन दोरीलाच दिलेलं असतं. जाड, वजनदार दोरी काठीने आधी मागे, मग पुढे फेकायची. ती हवेत सरळ झाली की तिच्या टोकाचा पारदर्शक बारीक धागा आणि त्यावरची माशी अलगद पाण्यावर उतरते. लांबून बघणाऱ्याला वाटतं हा माणूस हवेत सुलेखन करतोय. पहिल्या दिवशी आमची माशी बहुतेक वेळ झाडावर, टोपीत आणि एकदा एकाच्या स्वेटरमध्ये अडकली.

माशी पाण्यावर उतरली म्हणजे काम झालं असंही नाही. ती प्रवाहाच्याच वेगाने वाहत गेली पाहिजे. दोरीने ती जरा जरी ओढली गेली तर ट्राउट तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही, कारण खरा किडा प्रवाहाला आडवा धावत नाही. त्यामुळे ट्राउट पकडायचा तर आधी तो काय खातो ते शिकावं लागतं. आमच्या मित्राने पहिल्या सकाळी काठीला हातच लावू दिला नाही. म्हणाला, "आधी दगड उलटा करून बघा." पाण्यातला दगड उचलला तर खालच्या बाजूला चपटे, शेपटीला तीन बारीक केस असलेले किडे सरपटत होते. ही मेफ्लायची पिल्लं. पाण्याखाली महिनोन्‌महिने वाढतात, पंख फुटून बाहेर आली की खातपीत नाहीत, फार तर एखाद-दोन दिवस जगतात. दुसऱ्या दगडावर वाळूचे कण चिकटवून केलेली नळी होती, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, आणि आत कॅडिस नावाचा किडा. स्वतःचं घर स्वतः बांधणारा! मी चौथीला परिसर अभ्यास शिकवते. निवाऱ्याच्या धड्यासाठी याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. असे किडे भरपूर असणं ही पाणी स्वच्छ असल्याची खूण मानतात. तुमच्या गावच्या ओढ्यातलाही दगड एकदा उलटून बघा (आणि परत जसाच्या तसा ठेवा, खाली कुणाचं तरी घर असतं).

मग शिकलो वाकून चालायला. मासा पाण्यातून वर बघतो तेव्हा बाहेरचं सगळं जग त्याला डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो, म्हणून साधारण ९७ अंशांच्या शंकूत त्याला अख्खं आकाश आणि काठही दिसतो. आपल्याला वाटतं आपण लांब आहोत, पण आपण केव्हाच त्याच्या खिडकीत आलेलो असतो. वाटीत नाणं ठेवून, ते दिसेनासं होईपर्यंत मागे सरकून मग पाणी ओतायचा प्रयोग आपण सगळेच करतो. नाणं "वर येतं" आणि मुलं टाळ्या वाजवतात. आता मी त्याला जोडून विचारते, "नाण्याच्या जागी तुम्ही मासा असाल तर तुम्हाला मॅडम कुठे दिसतील?"

हा मासा मूळचा इथला नाही, हेही सांगायला हवं. ब्राउन ट्राउटची अंडी स्कॉटलंडहून बोटीने काश्मीरला आली. १८९९ चा पहिला प्रयत्न फसला, १९०० साली आलेली जगली आणि श्रीनगरजवळच्या हारवानला त्यांची पैदास सुरू झाली. तिथून १९०९ च्या सुमाराला ती कुल्लूत आली, हॉवेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या खटपटीने. साहेबाला गळ टाकायला घरच्यासारखा मासा हवा होता, एवढंच कारण. आज तीर्थनमधला ट्राउट नदीतच जन्मतो, नदीतच अंडी घालतो, म्हणून त्याला रानटी म्हणायचं. पण रानटी आणि मूळ रहिवासी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जगातल्या सर्वात उपद्रवी शंभर परक्या जातींच्या प्रसिद्ध यादीत ब्राउन ट्राउटचं नाव आहे आणि हिमालयातल्या मूळच्या माशांना त्याची झळ बसली आहे. आपल्याकडच्या तळ्यांतल्या तिलापियाची गोष्ट काही वेगळी नाही. पर्यटनाच्या जाहिरातीत हे कुणी सांगत नाही. शिक्षकाने तरी सांगावं.

तीन दिवसांत आम्हा पाच जणांना मिळून सात मासे लागले. बहुतेक वीतभर, एकच हातभराच्या आतबाहेर. आणि इथूनच फोटोचा विषय सुरू होतो.

आमच्या फोटोग्राफर मित्राचे नियम कडक होते. गरीला काटा ठेवायचा नाही, म्हणजे मागे वळलेलं बारीक टोक पकडीने दाबून टाकायचं, त्यामुळे ती झटकन सुटते. माशाला हात लावण्याआधी हात नदीत बुडवून ओले करायचे, कारण त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं जंतूंपासूनचं पांघरूण आणि कोरड्या हाताने ते निघतं. जाळी पाण्यातच राहील. आधी कॅमेरा तयार, चौकट ठरलेली, उजेड बघितलेला, आणि मग मासा पाण्याच्या वर फक्त एकदा, दोन-तीन सेकंद. ज्याच्या हातात मासा त्याने तेवढा वेळ स्वतःचा श्वास रोखून धरायचा. तुला सोडावासा वाटला की त्यालाही वाटत असेल, म्हणजे खाली ठेव. फोटो आला तर आला. दुसरी संधी नाही.

हे ऐकून आम्ही आधी हसलो. "अरे, मासाच आहे ना!" असंही कुणीतरी म्हणालं. तेव्हा त्याने एक आकडा सांगितला. कॅनडात फर्ग्युसन आणि टफ्ट्स या संशोधकांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेला हा प्रयोग आहे. त्यांनी रेनबो ट्राउट मासे टाकीत दमेपर्यंत पळवले, जसे ते गळाला लागल्यावर दमतात. नुसते दमवलेल्या माशांपैकी १२ तासांनी ८८ टक्के जिवंत होते. दमवून ३० सेकंद हवेत धरलेल्यांपैकी ६२ टक्के. आणि ६० सेकंद धरलेल्यांपैकी फक्त २८ टक्के. हे टाकीतल्या, मुद्दाम पार दमवलेल्या माशांचे आकडे आहेत, नदीतल्या प्रत्येक माशाला जसेच्या तसे लावू नयेत. पण आपलं "एकच मिनिट हं" म्हणजे ६० सेकंद. आणि गंमत अशी की हे मासे पोहत निघून जातात. माणूस हात हलवून निरोप देतो, फोटोखाली "सुखरूप सोडला" असं लिहितो, आणि पुढे काय झालं ते त्याला कधीच कळत नाही.

असं का होतं ते मी वर्गात रंगाच्या ब्रशने दाखवते. जाड केसांचा ब्रश पाण्याच्या पेल्यात धरा. केस मोकळे, फुललेले दिसतात. बाहेर काढा. सगळे एकमेकांना चिकटून एक टोक होतं. माशाचे कल्ले असेच. पाण्यात त्यांचे बारीक पडदे पसरलेले असतात म्हणून त्यांना ऑक्सिजन घेता येतो. हवेत कितीही ऑक्सिजन असला तरी पडदे चिकटले की त्याचा उपयोग नाही. दहा रुपयांचा ब्रश आणि एक पेला पुरतो. कुठलाही व्हिडिओ लागत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बर्फ वितळून पाणी चढायला लागलं. आवरतं घेणार तेवढ्यात आमच्यातल्या एकाला आयुष्यातला पहिला ट्राउट लागला. त्याने नीट दमाने जाळीत घेतला, हात ओले केले, आणि कॅमेरा वर येण्याआधी मासा जाळीतून निसटून गेला. गडी खट्टू झाला. "आता घरी कोण विश्वास ठेवणार?" आमच्यातली एक म्हणाली, "कसा होता ते सांग." आणि तो सांगत सुटला. पाठीवर काळे ठिपके, बाजूला लाल, लाल ठिपक्याभोवती फिकट कडं, पोट लोण्याच्या रंगाचं, शेपटीच्या अलीकडे पाठीवर एक छोटासा मांसल पर आणि त्याला नारिंगी किनार. बाकीच्यांच्या माशांचे फोटो होते. पण त्यांना विचारलं तर "मोठा होता रे" यापलीकडे फार काही सांगता येईना.

यावरही अभ्यास झालेला आहे. लिंडा हेन्केल या अमेरिकेतल्या मानसशास्त्राच्या प्राध्यापिकेने लोकांना संग्रहालयात फिरवलं. काही वस्तू नुसत्या बघायच्या, काहींचे फोटो काढायचे. दुसऱ्या दिवशी विचारलं तर फोटो काढलेल्या वस्तू लोकांना कमी आठवल्या. हा अभ्यास २०१४ चा. पण त्यातली पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ज्यांना वस्तूच्या एखाद्याच भागावर कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढायला सांगितलं, त्यांची आठवण कमी झाली नाही. म्हणजे कॅमेरा बाळगला म्हणून बिघडत नाही, बघायचं काम त्याच्यावर सोपवलं की बिघडतं. आमच्या मित्राच्या फोटोंत म्हणूनच अख्खा मासा क्वचित दिसतो. एका फोटोत फक्त पाण्याखालचा डोळा आहे. एकात ओला तळहात आणि त्यावरून सुटणारी शेपटी. उरलेले सगळे आमचे: गुंता सोडवणारी बोटं, दगडावर ठेवलेला चहा, थंडीने काकडणारा, तरी काठी न सोडणारा माणूस. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकले तर लगेच विचारणा झाली, "मॅडम, मासा कुठंय?"

आता आपल्या शाळांकडे येते.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे काय झालंय ते तुम्हाला सांगायला नको. हात धुवा दिन असो, वृक्षारोपण असो, वाचन प्रेरणा दिन असो, उपक्रम झाला की नाही हे फोटोवरून ठरतं. वीस मुलं एका रोपाला हात लावून उभी. रोप लावून झालेलं, पण पाहुणे यायचेत म्हणून ऊन डोक्यावर घेऊन मुलं तिथंच. पुस्तक उघडं धरायचं आणि बघायचं कॅमेऱ्याकडे. आपण म्हणतो वरून मागतात, आणि ते खरं आहे, मीही पाठवते. पण वरून कुणी सांगितलेलं नाही की मुलांना वीस मिनिटं ताटकळत ठेवा. ती वेळ आपल्या हातातली आहे. नदीवर आधी कॅमेरा तयार आणि मग मासा वर. वर्गात आधी मूल उभं आणि मग आपण मोबाईलचं लॉक उघडतो.

माझी खरी तक्रार दप्तरं, वह्या, गणवेश वाटपाच्या फोटोंबद्दल आहे. एका टोकाला देणारे, दुसऱ्या टोकाला आठ वर्षांचं मूल, मधे दप्तर, दोघांनी धरलेलं, आणि "इकडे बघ, हस." तो फोटो पालकांच्या ग्रुपवर जातो, गावाच्या ग्रुपवर जातो, कुठल्या कुठे जातो. त्या मुलीला दप्तर एक वर्ष पुरतं. फोटो किती वर्षं फिरतो? ती दहावीला जाईल तेव्हाही कुणाच्या तरी मोबाईलमध्ये ती हात पसरून उभी असेल. आणि तीही पोहत निघून जाते, बरं का. हसते, थँक्यू म्हणते, जागेवर जाऊन बसते. म्हणून आपल्याला वाटतं काही झालं नाही.

मी आता माझ्या वर्गापुरतं एवढं करते. उपक्रमाचा फोटो एकच, तोही हातांचा नाहीतर कामाचा: मातीत गेलेली बोटं, वहीवरचं चित्र, मोजपट्टीवर वाकलेली डोकी. फोटो सुरुवातीच्या मिनिटाला घेते आणि मोबाईल कपाटात. माहिती भरायला तो एक चालतो, आजवर परत आलेला नाही. वाटपाचं सामान मुलांना वर्गात, दार लावून, हजेरीसारखं देते. देणाऱ्यांचा फोटो सामानाच्या ढिगाबरोबर आणि मुख्याध्यापकांबरोबर काढतो. एका देणगीदारांना हे अजिबात पटलं नाही. "आम्ही मुलांसाठीच देतो ना, मग मुलं नकोत का फोटोत?" असं म्हणाले आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेला दिलं. अठरा दप्तरं होती ती. पालक सभेत मी ते जसं घडलं तसं सांगितलं. दोन आया म्हणाल्या, फोटो झाला असता तर काय बिघडलं असतं, दप्तर तर मिळालं असतं. त्यांचं म्हणणं मी खोडू शकत नाही, आमच्याकडे दप्तर ही खरोखर गरज आहे. बाकीच्यांनी मिळून वर्गणी काढली आणि अकरा आणली. उरलेल्या सात मुलांनी जुनीच वापरली. तरीही मी नियम बदललेला नाही. तुम्ही तुमच्या शाळेत वेगळं ठरवाल, कदाचित तुमच्याकडे तेच योग्य असेल. पण ठरवा तरी. सवयीने हात मोबाईलकडे जायला नको.

मासे सोडून देण्याबद्दलही तुमच्या मनात प्रश्न आला असेल. माझ्या आईने फोनवर तोच विचारला, "सोडलंस? मग गेलंस कित्याक?" आमच्या घरात मासा पकडतात तो खायला. पावसाच्या तोंडाला चढणीचे मासे येतात तेव्हाही जाणती माणसं सगळे उचलत नाहीत, वर जाणाऱ्यांतले थोडे जाऊ देतात, पण पकडलेला मात्र कालवणात जातो. खेळासाठी पकडून सोडणं आईला थट्टा वाटते. मला तिचं म्हणणं निम्मं पटतं. सोडून दिला म्हणजे आपण दयाळू, असं मुळीच नाही. गळ लागतोच, मासा दमतोच. पोटासाठी एक मासा मारणारा माणूस फोटोसाठी दहा धरून सोडणाऱ्यापेक्षा वाईट आहे असं मी वर्गात कधीच सांगणार नाही. पण सोडायचाच असेल तर तो जगेल असा सोडावा.

कुणाला जायचंच असेल तर: हिमाचलात ट्राउटची मासेमारी १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर बंद असते, कारण तो अंडी घालण्याचा काळ. मार्च-एप्रिल आणि पावसाळ्यानंतरचे दिवस चांगले. मे महिन्यात सकाळी लवकर नदीवर जायचं, दुपारी पाणी चढतं आणि गढूळ होतं. मत्स्य विभागाचा परवाना आधी काढायचा. काठी तिथं भाड्याने मिळते. उथळ पाण्यातल्या खडीवरून फार चालू नका, ट्राउट तिथंच खड्डा करून अंडी घालतो. गरीचा काटा दाबायला बारीक पकड बरोबर ठेवा. आणि मोबाईल कुणा एकाकडेच द्या, जो त्या दिवशी काठी धरणार नाही.